पाकिटावरचे मामा

माझे मामा जिवंत आहेत. हे मुद्दाम सांगावं लागतं, आणि त्याला कारण मी आहे.

विद्यापीठात एमबीएच्या आम्हा विद्यार्थ्यांना गावातल्या एकेका छोट्या व्यावसायिकाला मार्गदर्शन करायचं होतं. मी सरळ मामांना धरलं. भवानी पेठेत मामा-मामींचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान आहे. (तिथलं मी लहानपणापासून फुकट खातो, त्यामुळे त्या धंद्यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज!) दुधनीच्या एका व्यापाऱ्याने सणासाठी मोठी ऑर्डर देतो म्हटलं होतं, आणि त्या भरवशावर मामांनी भाकरीचं नवं मशीन आणलं होतं.

मी म्हणालो, मालाला चेहरा पाहिजे. मग मामांचा फोटो काढला. डोक्याला फेटा, ओठांवर शांत हसू. मागे ढग टाकले, भोवती फुलांची गोल चौकट, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'संस्थापक'. मामी पाकिटाकडे बराच वेळ बघत राहिली.

"झकास दिसत्यात," ती म्हणाली. "पण आपल्याकडं असं का बगायलेत?"

पाकिटं दुकानोदुकानी गेली आणि विक्री थांबली. मामा दिवसभर मागच्या खोलीत पिठात असतात. गिऱ्हाइकांना दिसते ती मामी. बायका यायच्या, पाकीट बघून आवाज खाली आणायच्या, मामीचा हात हातात घ्यायच्या आणि काही न घेताच जायच्या. मामांना भिंतीपलीकडून स्वतःचं नाव ऐकू यायचं, आणि मागोमाग, "लई चांगला माणूस होता." त्यात रोज एक कावळा पत्र्यावर येऊन बसायला लागला. मामांनी तुकडा टाकला की झडप घालून शिवायचा. मामांचं जेवण कमी झालं. (मार्केटिंगच्या पुस्तकात कावळ्यांवर धडा नाही.)

एका संध्याकाळी वीज गेलेली असताना दुधनीचा व्यापारी आला. मान खाली घालून मामीला म्हणाला, "वैनी, सुतकाच्या घरचं खाणं सणाला कोण खाणार? ऑर्डर ऱ्हाऊ द्या की."

माझ्या डोळ्यांपुढे मशीन आलं. तेवढ्यात मागचं दार करकरलं. अंधारातून मामा बाहेर आले, डोक्यापासून पायापर्यंत ज्वारीच्या पिठाने पांढरेफटक.

"कुणाचं सुतक?" त्यांनी हळूच विचारलं.

व्यापाऱ्याने हात जोडले आणि डोळे मिटून, सगळा माल घेतो, वर चटणीही घेतो असं एका दमात सांगून टाकलं. वीज आल्यावर त्याने मामांचा हात गरम आहे का ते धरून बघितलं. मग उगीच दोनदा खोकला, आणि दिल्या शब्दाला जागला. अट एकच घातली, पाकिटावरून मामांना उतरवायचं.

मामा मनाने मोठे. ऑर्डर वाचली ती भाच्यामुळेच, असं धरून त्यांनी माझा फोटो चौकटीत घालून दुकानात लावला. दसऱ्याला मामीने मशीनला हार घातला, तराजूला घातला, गिरणीला घातला. एक हार उरला.

दुसऱ्या दिवशी आमच्या घराची कडी वाजली. कुंभारीच्या मावशीआजी दुकानावरून तशाच तडक आल्या होत्या. दार मीच उघडलं. त्यांना कमी दिसतं. मला ओलांडून त्या आत गेल्या आणि आईच्या गळ्यात पडल्या.

"कवा झालं गं?"

"आजी, मी हाय की हितं," मी म्हणालो. कुणी वळून बघितलं नाही.

मग मीच माझा हात धरून बघितला.