दूधभात खाणारी घोरपड

अगं, इकडे सरक, जवळ बस. सरडा पाळलास, तोही परदेशी, गळ्याला काटेरी दाढी असलेला, आणि त्याची पेटी ठेवलीस पंख्याखाली? वर म्हणतेस, काही खात नाही. आत्याला विचारायला काय होत होतं? ऐक आता. एक घोरपड अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी कर्जतला हवालदार होते. भिसेगावातल्या एका भाजीवालीने खबर दिली, "स्टँडवर एक जण बसलाय, त्याचं पोतं हलतंय." पंचांसमोर पोतं उघडलं. आत जिवंत घोरपड, पाय सुतळीने बांधलेले. पंचनामा केला आणि मुद्देमाल ठेवला ठाण्याच्या गार खोलीत. साहेब म्हणाले, "बाई, ही कोर्टापुढे जिवंत गेली पाहिजे. मेली तर तो म्हणेल, पोलिसांनीच मारली."

आरोपी एकदम शांत. "विकायची नाय बाई. घरची हाय, लेकरावाणी पाळलीय."

"खाते काय?"

"दूधभात."

मी दूधभात ठेवला. घोरपड डोळे मिटून पडलेली. त्याला सांगितलं, तर म्हणतो, "रुसलीय. पोलिसाच्या हातचं खात नाय ती."

लहानपणी मी घोरपड पाहिली होती ती बांधावर, तापलेल्या दगडावर. अंग तापल्याशिवाय ती हलत नाही, तर खाल्लेलं पचवणार कशी? ठाण्यामागे कोंबड्यांचं जुनं खुराडं होतं. ते उन्हात मांडलं, अर्ध्यावर गोणपाट टाकलं, म्हणजे ऊन नको झालं की तिने सावलीत सरकावं. आत सपाट दगड, पसरट घमेल्यात पाणी. ती तापू दिली आणि मग अंडं फोडून ठेवलं. जीभ लवलवली, अंडं साफ. पुढे उंदीर, नाकतोडे, काही सोडलं नाही. दूधभात मात्र मुंग्यांनी नेला.

दुसऱ्या दिवशी आरोपीची बायको भाकरी घेऊन आली. खुराडं दिसताच जागीच थबकली.

"बाई, ही अवदसा इथं कशाला?"

"तुमच्याच घरची ना? लेकरावाणी पाळलेली?"

"आमच्या घरातली? अवो, घोरपड नुसती उंबऱ्यात आली तरी सासू घराची शांत करून घेते. पाळतंय कोण?"

मी कोठडीच्या दाराशी गेले. "काय रं, बोलवू का तिला आत? तूच सांग, कुठल्या घरात लेकरू पाळलंस ते."

त्याचा चेहरा उतरला. "नको बाई. सांगतो सगळं."

खालापूरकडच्या एका ओस गोठ्यात घोरपडींची आणखी पोती होती, त्यांचं तेल काढून विकणाऱ्याला द्यायची. आम्ही लगेच निघालो. बहुतेक घोरपडी जिवंत मिळाल्या. आमची कोर्टापुढे अशी फुत्कारली, की कारकून खुर्चीसकट मागे सरकला. मग हुकूम झाला आणि वनखात्याने सगळ्या जंगलात सोडल्या.

तेव्हापासून कुणी 'हे जनावर माझंच' म्हटलं, की मी पावती नंतर मागायचे. आधी विचारायचे, ते खातं काय, झोपतं कुठे, आणि घरातलं कोण त्याच्यावर खेकसतं. जीव लावणाऱ्याला हे आठवावं लागत नाही. चोर मात्र दूधभात म्हणतो.

उठलीस लगेच? पेटी पंख्याखालून हलवायला? बरं, जा. पण महिनोन्महिने गायब होऊ नकोस. मला हल्ली स्टेशनापर्यंत चालवत नाही, तूच ये. लवकर ये गं.