गुरम्माचा खांदा

आमच्या शेजारची गुरम्मा एका मोठ्या इस्पितळात बावीस वर्षं आया आहे. सिझेरियनआधी पाठीत भुलीची सुई देतात, तेव्हा बाईला पाठ वाकवून निश्चल बसावं लागतं. तिला धरून ठेवणं हे गुरम्माचं काम. घाबरलेली बाई, बहुधा विड्या वळणारीच, तिच्या खांद्यावर कपाळ टेकते. "विड्या वळताना सूप मांडीवर घेऊन बसतीस की, तशी बस," असं गुरम्मा सांगते आणि पाठ बरोबर गोल होते.

फेब्रुवारीत तिचीच मुलगी महेश्वरी त्याच इस्पितळात बाळंतपणाला आली. लहानपणीच्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झालेली. सिझेरियनसाठी बारा तारीख ठरली. भूल देणाऱ्या डॉ. हंचाटे म्हणाल्या, "पाठीत बारीक नळी ठेवू आणि औषध थोडं थोडं देऊ."

गुरम्माला हे पटलं नाही. नळी घातलेल्या एका बाईची डावी बाजू बधिरच झाली नव्हती, हे तिने पाहिलं होतं. "एकच सुई, पाच मिनटांचं काम," तिने लेकीला बजावलं. महेश्वरीने नळीच्या कागदावर सही करायचं नाकारलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गुरम्माला बाजूला घेतलं. "मावशी, एका सुईने लगेच बधिरपणा येतो, पण रक्तदाबही झटकन उतरतो. इतर बायका त्यातून सावरतात. हिचं हृदय सावरेल का? नळीने एक बाजू राहिली, तर औषध पुन्हा देता येतं. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय मी कापू देणार नाही."

गुरम्मा लेकीच्या खाटेवर जाऊन बसली.

"महेश, मी चुकले गं. नळीच बरी."

"अव्वा, काल तर लई ठासून सांगत हुतीस की!"

"काल मला तुझी पाठच दिसत हुती. काळजाचं ध्यानात न्हाय आलं."

महेश्वरीने रुसूनच सहीसाठी कागद मागितला. मग म्हणाली, "धरणार कोण?"

"दुसरीनं धरलं तर हात मोडीन तिचा."

बारा तारखेला नळी बसवायला वेळ लागला. गुरम्मा मान वाकडी करून लेकीच्या पाठीकडे बघू लागली, तेव्हा लेकीनेच दटावलं, "अव्वा, हलू नको." औषध हळूहळू चढलं, दोन्ही बाजू बधिर झाल्या, रक्तदाब टिकला. साडेअकराला मुलगी झाली. महेश्वरीने जागेपणी तिचं रडणं ऐकलं.

संध्याकाळी गुरम्मा आमच्याकडे आली. बाळाचं वजन किती, कुणासारखी दिसते, मी विचारत राहिले. ती मात्र एवढंच म्हणत होती, "म्याडमनी मला बाजूला घेतलं नसतं तर?"

मी तिचा हात हातात घेऊन बसले.