आमच्याकडे तीनदा विचारतात

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात ना, तसं आहे ते. एक सांगून मोकळं व्हावं, तर बाजूला दोन उभे! आमच्या यानचे तर एवढे साचलेत की छातीत जागा उरली नाही. छातीवरून आठवलं, डॉक्टरांनी तिच्यात नुकतीच एक स्प्रिंग बसवली आहे. ती बसेपर्यंत मी टिकलो, तो या गोऱ्यामुळे.

यान हॉलंडचा. आमच्या शहराजवळ निंबोल्याला केळी पिकवायच्या थंड खोल्या झाल्या, त्यांची मशिनं बसवायला वर्षभरासाठी आला आणि सिंधीपुऱ्यात आमच्या वरच्या खोलीत राहिला. हिंदी थोडी शिकूनच आला होता. मराठी आमच्या ओट्यावर शिकला. म्हणजे बिघडला.

*

पहिल्याच आठवड्यात दाराखालून चिठ्ठी आली. 'रविवारी चार बजे भेटायला येऊ शकतो का?'

राहतो कुठे? आमच्या डोक्यावर!

सुशीला, म्हणजे आमची गृहमंत्री, घाबरली. "खोली सोडतोय वाटतं."

शेजारचे गजानन मास्तर म्हणाले, "नाही हो वहिनी, लग्नाचं काढणार असेल."

रविवारी पोहे झाले, मावा जिलेबी आली, मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून बसले. बरोबर चारला साहेब हजर. खुर्चीत ताठ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले,

"वरचा नळ गळतो."

*

एकदा मी वर गेलो, तर याचा चहा उकळत होता.

"काका, चहा?"

"नाही नाही, आत्ताच झाला."

आता कोणताही शहाणा माणूस पुन्हा विचारेल. मग मी म्हणेन, कशाला त्रास. मग तो कप हातात देईल आणि मी म्हणेन, बरं, अर्धा. साधी गोष्ट! यानने "ओके" म्हटलं, एकच कप गाळला आणि माझ्यासमोर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला!

मी त्याला ओट्यावर बसवून शिकवणी घेतली. सातवी नापास माणसाने इंजिनीयरची! "ऐक बेटा, आमच्याकडे तीनदा विचारतात. पहिला नाही लाजेचा, दुसरा रीतीचा. तिसऱ्यांदा तर विचारायचंच नाही, सरळ हातात द्यायचं."

त्याने खिशातली वही काढून लिहून घेतलं.

"पण माणसाला खरंच नको असेल तर?"

"तरी अर्धा कप घ्यायचा!"

*

त्याची एक तक्रार होती. "काका, गल्लीत सगळे विचारतात, कहाँ चले? यांना काय करायचं?"

मला तर संधीच हवी असते. गंभीर तोंड करून सांगितलं, "पूर्ण उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर लोक नाराज होतात."

दुसऱ्या दिवशी साहेब दारोदारी थांबून सांगतायत, "शर्ट इस्त्रीला नेतो. एक बटन तुटलं. नंतर साबण. रात्री झोप कमी झाली." नाक्यापर्यंत पोहोचायला तास लागला! मी ओट्यावर पोट धरून हसतोय.

परत आला तेव्हा शर्टाला बटन होतं, हातात कोणाच्या तरी घरची शेवभाजी होती आणि झोपेसाठी जायफळाची पुडी.

"काका," म्हणाला, "सिस्टम बढिया आहे."

*

एकदा जेवताना त्याने सुशीलाला विचारलं, "काकू, तुम्हाला कोणती भाजी आवडते?"

"यांना वांगं आवडतं."

"काकांची नाही, तुमची."

ती वाढता वाढता थांबली. दुपारभर कपाटं आवरत बसली. संध्याकाळी जिन्याशी उभी राहून वर ओरडली, "भेंडी!"

एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मला माहीतच नव्हतं!

आता आमच्याकडे दर मंगळवारी भेंडी असते. मला आवडत नाही. पण गुपचूप खातो आणि वर बघून हात जोडतो. देव त्याहून वर राहतो, मला ठाऊक आहे.

*

मागच्या महिन्यात सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. घाम सुटलेला, डावा हात दगडासारखा. सुशीला देवळात गेलेली. यान बाइकची चावी फिरवत जिन्यावरून उतरला. माझ्याकडे बघून थांबला.

"काका, डॉक्टर?"

"नाही रे, गॅस आहे. जा तू."

चार पावलं गेला. हॉलंडचा माणूस, याने ऐकलं वाटतं!

वळला. "काका, डॉक्टर?"

आणि या मेल्या जिभेने पुन्हा तेच. "नाही म्हटलं ना! तुझं काम बघ."

त्याने माझ्यासमोर दोन बोटं धरली. "दोन झाले," म्हणाला, आणि मला केळीच्या घडासारखं उचललं!

"मास्तर! रिक्षा!"

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मला जरा बसवलं होतं. यान थर्मास घेऊन आला.

"काका, चहा?"

"हो!"

सत्तर वर्षांत पहिल्यांदा, पहिल्याच हाकेला!

"डॉक्टर नाही म्हणाले."

"कितीदा?"

"एकदा."

त्याने दाराकडे पाहिलं, आणि अर्धा कप ओतून सरळ माझ्या हातात दिला.