मागचे चार टायर

टायरच्या दुकानात किस्से आपोआप साठतात. गाडी जॅकवर चढलेली असते, गिऱ्हाईकाला कुठं जाता येत नाही, मग माणूस बोलत सुटतो. आष्ट्यात सांगली रस्त्याला बापूंचं टायरचं दुकान आहे आणि अलाइनमेंटच्या मशीनवर मी बसतो. लोकांनी मला आजवर टायरपेक्षा घरचंच जास्त सांगितलंय. पण कट्ट्यावर बसलो की मित्र विचारतात ते एकाच गाडीबद्दल, "ती लाल, दोन दाराची!" आज तिचाच किस्सा सांगतो. तुम्ही हसा खुशाल, पण त्या आठवड्यात मला हसू सुचत नव्हतं.

* * *

पहिल्यांदा ती दुकानात आली तेव्हा तिच्या पुढच्या जाळीत उसाचा पाला अडकला होता. आतून रणजित उतरला. कडेगावकडचा पोरगा. पुण्याची नोकरी सोडून वडिलांची, म्हणजे आबांची, ऊसशेती बघायला गावी आलेला. येताना ही सेकंडहँड स्पोर्ट्स कूपे तेवढी घेऊन आला होता.

"बापू, गाडी वळंना."

बापू खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "स्टिअरिंग फिरीवलं हुतंस का?"

"आवं, फिरीवलं की! चाकं वळत्यात, गाडी सरळच जाती."

मी खाली वाकून बघितलं आणि कारण कळलं. कंपनीनंच या गाडीला मागं रुंद टायर दिलेले आणि पुढं अरुंद. वळणावर मागचे रस्ता धरून ठेवतात, पुढचे सोडून देतात. मग गाडीचं नाक जिकडं असेल तिकडं गाडी निघते. रणजितच्या घराकडं जाणाऱ्या रस्त्यावर विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी एक वळण आहे, तिथं ती दोनदा सरळ आबांच्याच उसात घुसली होती.

"आबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"तिसऱ्यांदा गेली की दुसऱ्या दिवशी विकायची म्हणाले." रणजित टायरला पाय लावून उभा होता. "शेत आबांचं, ट्रॅक्टर आबांचा, माझा मोबाईलचा रिचार्ज बी आबाच मारत्यात. ही एकच वस्तू माझी हाय, बापू."

बापूंनी त्याच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. "मग उसातच पार्किंगची सोय कर की!"

रणजित हसला नाही. तेव्हा आमच्या लक्षात आलं, पोराचं खरंच अडलंय.

* * *

उपाय सोपा होता. मागच्या मापाचे रुंद टायर पुढंही लावायचे. रिमही त्याच रुंदीच्या. मागचेही झिजलेलेच होते, म्हणजे चारी नवे, चारी सेम! पुढच्या चाकांनी रस्ता धरला की गाडी वळणार. बापूंनी लगेच सांगलीच्या डीलरला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"मागचे चार पाठवा."

"मागचे दोन ना?"

"न्हाई, चार. मागचे चार."

"बापू, मागं चार चाकं आहेत का गाडीला?"

"मागं दोनच हाईत. पुढं दोन. पण पुढं बी मागचेच पायजेत."

"मग पुढचे मागं टाकणार?"

"पुढचे कुठंच न्हाई टाकणार! मागचे मागं, आन मागचेच पुढं!"

मग डीलर समजुतीच्या सुरात म्हणाला, "बापू, फोटो पाठवा गाडीचा."

फोटो पाठवला. संध्याकाळी डीलरकडून कोटेशन आलं. मागं चार चाकांच्या डंपरचं!

रणजित कपाळाला हात लावून बसला. आबांनी येत्या रविवारी वळणावर येऊन स्वतः बघायचं ठरवलं होतं, आणि आमचे टायर अजून डंपरलाच अडकले होते. शेवटी मीच सांगलीला गेलो, डीलरच्या समोर उभा राहिलो आणि हातानं दाखवून टायर घेऊन आलो.

* * *

टायर बसवले. उभी गाडी झकास दिसत होती. पण रुंद टायरचं खरं दुखणं वजन पडल्यावर कळतं. गाडी खाली बसते आणि टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासायला लागतो. आमच्याकडं त्याला टायर चाटतंय म्हणतात. वळताना जोरात चाटला आणि टायर फाटला, तर त्या वळणावर काय होईल याचा विचारही मला करवत नव्हता.

"वजन पायजे आत," मी म्हणालो.

दुकानातलं सगळ्यात मोठं वजन म्हणजे स्वतः बापू! पुढची सीट वाकवून आम्ही त्यांना मागं बसवलं. बसवलं कसलं, कोंबलं. रणजितनं स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू पुढं घेतली. मी चाकापाशी कान लावून चाललो होतो.

खर्रर्र!

"चाटतंय!" आतून बापू ओरडले.

"टायर का तुमी?" मी विचारलं.

आवाज पुढच्या डाव्या चाकाचा होता. गाडी थांबवली, आणि मग पुढची सीटच वाकेना. तेवढ्यात ट्रॅक्टरचं एक गिऱ्हाईक आलं. बापूंनी आतूनच त्याच्याशी घासाघीस केली. मागची काच उघडत नाही, त्यामुळं ते बोटं दाखवत होते आणि गिऱ्हाईक मान हलवत होतं. सौदा झाला! जाता जाता गिऱ्हाईकानं मला हळूच विचारलं, "बापूंस्नी आत का कोंडलंय? काय केलं त्येंनी?"

सीट सुटली, बापू बाहेर आले. मी प्लास्टिकची कड कापली, चाकं वरून थोडी आत कलती केली, आणि बापूंना परत बसायला सांगितलं. बापूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं शेजारच्या दुकानातून खताची पोती आणून भरली. या वेळी काहीच चाटलं नाही. तरी मी पुन्हा पुन्हा गाडी फिरवायला लावली, कारण माझा माझ्या कानावर विश्वास राहिला नव्हता.

* * *

शनिवारी मोटारसायकलवरून आबा आले. त्याआधी मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. उंच, ताठ, खांद्यावर टॉवेल. सगळी नोकरी फौजेत डोंगरात ट्रक चालवण्यात गेलेली. गाडीभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी मारली. रणजित हात मागं बांधून उभा होता. बापूंनी चहा मागवला, आबांनी घेतला नाही.

उजव्या बाजूला येऊन ते वाकले. "ह्यो बाण कशाचा?"

मी उत्साहात सांगितलं, "आबा, टायर कोणत्या बाजूला फिरायचा ते दाखवतो. पावसात पाणी बाहेर फेकायला नक्षी तशी असते."

"व्हय?" आबा डाव्या बाजूला गेले, वाकून बघितलं, परत उजवीकडं आले. "मग ती दोन चाकं कडेगावला निघाल्यात, आन ही दोन सांगलीला?"

बापूंनी 'चारी सेम' एवढं मनावर घेतलं होतं की चारी टायर रिमवर एकाच तोंडानं चढवले होते! डाव्या बाजूचे बाण पुढं, उजव्या बाजूचे मागं. आणि गाडीभोवती एवढा रांगलो, पण मलाही ते दिसलं नव्हतं.

"उद्या सकाळी कडेगावला यायला सांगा तुमच्या चाकांना," आबा म्हणाले, "सगळी मिळून." आणि किक मारून निघून गेले.

उजवीकडचे दोन्ही टायर रिमवरून उतरवून आम्ही तिघांनी उलटे चढवले, आणि चारी बाण दोनदा तपासले.

* * *

रविवारी आबांनी आम्हालाही बोलावलं. "टायर तुमी बसीवल्यात, तुमी बी या."

मोटारीच्या खोलीपाशी ते वळण होतं. दोनदा गाडी गेल्यामुळं तिथला ऊस आडवा होऊन दारासारखी वाट पडली होती. आबांनी मोटारसायकल लावली, चालत गेले आणि त्या वाटेच्या बरोबर तोंडाशी उभे राहिले.

"जा. घरापासनं आण गाडी. रोज आणतूस तशी."

"आबा, तिथनं बाजूला व्हा," रणजित म्हणाला.

"का? आता वळती म्हणतूस न्हवं?"

"आबा, इकडं या, लय झालं," बापू पुढं झाले.

"बापू, टायर तुमीच बसीवलं न्हवं? मग घाबरता कशाला?"

बापू दोन पावलं मागं आले. रणजित गाडी घेऊन घराकडं गेला. मी मनातल्या मनात एकेक बोल्ट परत आवळत होतो. मग इंजिनचा आवाज आला. जवळ आला, वाढला, आणि अचानक पडला. वळणाच्या बरंच अलीकडं गाडी उभी राहिली होती.

रणजित उतरून चालत आला. त्यानं किल्ली आबांच्या हातात ठेवली. "विका गाडी, आबा. तुमी तिथं उभं असताना मला न्हाई जमणार."

आबांनी किल्लीकडं बघितलं. मग रणजितच्या दंडाला धरलं आणि त्याला आपल्या जागेवर उभं केलं. "हितं थांब."

"आन तुमी?"

आबा गाडीत बसलेसुद्धा होते. गाडी सरळ मागं मागं घेत ते घरापर्यंत गेले. मी रणजितला हाक मारली, "बाजूला हो!" तो जागचा हलला नाही.

गाडी आली. रणजितसुद्धा आणत नसेल अशा वेगानं आली! मी बापूंचा हात घट्ट धरला. पुढची चाकं वळली, टायर एकदा किंचाळले, नाक फिरलं, आणि गाडी रणजितच्या समोरून वळणापलीकडं निघून गेली. उसाचं एक पानसुद्धा हललं नसेल.

गाडी थांबली. आबा उतरले तेव्हा त्यांचा शर्ट घामानं भिजला होता.

"बाजूला का झाला न्हाईस रं?"

"तुमी हाकत हुता की."

आबांनी टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. शेवटी बापूंनाच राहवलं नाही. "आबा, मग उद्या गिऱ्हाईक बघायचं का गाडीला?"

आबा परत गाडीत बसले, काच खाली केली आणि मोटारसायकलची किल्ली रणजितकडं फेकली.

"ती घिऊन ये घराकडं. उद्या हिला घिऊन मला मेढ्याला जायाचंय. घाटानं!"