खडूस बाईंचा फोन

शाळा संपल्यावर कुठल्या कॉलेजात अर्ज करायचा, हे सांगणाऱ्या बाईंना पोरं खडूस बाई म्हणायची. एकदा एक मुलगी त्यांच्याकडे रडतच गेली. तिच्या फेरपरीक्षेचा निकाल उशिरा लागणार होता आणि तोवर माझी जागा ठेवा, असं कॉलेजला फोनवर सांगायचं होतं. फोनवर तर तिची बोबडीच वळायची!

“बाई, तुम्हीच बोला ना.”

“कॉलेजला मी जाणार आहे का? बस इथे.”

बाई शेजारच्या खोलीत गेल्या आणि टेबलावरचा फोन वाजला. तिने उचलला.

“काय पाहिजे? पटकन बोला, जेवायची वेळ झालीय!” जणू कॉलेजातूनच बोलतायत, अशा बाई खेकसल्या आणि तिने फोनच ठेवला. परत वाजला, परत ठेवला. शेवटी तीही चिडली आणि सगळं धडाधड बोलून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजला फोन केला, तर तिथले साहेब इतके गोड बोलले की तिला हसूच आलं. जागा राहिली, ती पासही झाली.

कॉलेजचा पहिला दिवस संपल्या संपल्या तिने बाईंना फोन लावला.

“काय पाहिजे? पटकन बोला!”

“काही नको, बाई,” ती म्हणाली. “तुम्ही जेवलात का?”