उरलेल्या गोळ्या

कोणाला शिंक आली की आमच्या सासूबाई आधी डबा उघडत आणि मग विचारत, काय होतंय? डबा मिठाईचा, आत उरलेल्या गोळ्या. इकडे हिंदी मुलखात, कांचघर मोहल्ल्यातली आमची गल्ली त्यांना ‘गोळीवाल्या काकू’ म्हणे, आणि त्यांना ते आवडे. नाव वाचायच्या भानगडीत त्या पडत नसत. लाल-काळी घशाची, पिवळी पोटाची, झालं.

कोर्स पूर्ण करणं त्यांना उधळपट्टी वाटे. “बरं वाटून राहिलं नं? मग काहून खाते? ठेवून दे, कोणाच्या कामी येईल.” कंजूषपणा नव्हता तो. स्वतःला ताप असतानाही त्या शेजारच्या भाभीच्या लेकरासाठी गोळ्या वाचवत.

मला दिवस भरत आले होते तेव्हा लघवीला जळजळ सुरू झाली. एवढ्या उन्हात दवाखान्यात कुठे जाते, म्हणून त्यांनी डब्यातल्या दोन गोळ्या दिल्या. जळजळ थांबली. पुढे मुलगी झाली आणि दोन-तीन दिवसांतच तिनं दूध ओढणं सोडलं, अंग गार पडलं. रक्तात जंतू होते आणि नेहमीची औषधं लागू पडेनात. गरोदरपणी काय घेतलं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सासूबाईंनीच सांगितलं. अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, उरलेले चिवट होतात आणि बाळंतपणात बाळाला लागू शकतात, असं बाई म्हणाल्या. इथे तसंच झालं हे खात्रीनं सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या. सासूबाईंनी पहिलं तेवढंच ऐकलं.

शेवटी एक जड औषध लागू पडलं आणि पोर वाचली. बारशाला मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतले.

“माझ्या हातचं काही नको हिला. तूच घे.”

मला राग आला होता, नाही असं नाही. पण पोर हसायला लागली तसा तो गेला. त्यांचा स्वतःवरचा गेला नाही. पाळणा हलवायच्या तोही लांबून, दोरीनं. तिच्यासाठी शिरा करून माझ्या हातात द्यायच्या आणि मी भरवायची. पोर रांगत जवळ आली की उठून आत जायच्या. आता सोडा हो आई, असं किती वेळा विनवलं. नाही म्हणजे नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर लेकीनं विचारलं, “आई, आजी मुझसे नाराज थीं क्या?”

नाही गं, म्हटलं.

“फिर कभी गोद में क्यों नहीं लिया?”

उत्तर मला ठाऊक आहे. ते ऐकून ती आजीवर रागावेल, या भीतीनं मी अजून दिलेलं नाही. तोवर ‘मी आजीला नकोशी होते’, असंच ती समजते आहे.