कॅफेबाहेरची प्रॅम

एप्रिलमध्ये मुलगी आणि सात महिन्यांच्या नातवाबरोबर मी डेन्मार्कला गेले. म्हणायला सुट्टी, पण खरं तर माझी परीक्षाच होती. मे महिन्यात मुलीची मॅटर्निटी लीव्ह संपणार होती. बाळ नर्सरीत, म्हणजे पाळणाघरात जाणार, की इंग्लंडमधल्या माझ्या रीडिंग गावाहून रोज ट्रेनने तिच्याकडे बेसिंगस्टोकला जाऊन मी त्याला सांभाळणार, हे ठरत नव्हतं. अडसर एकच, माझा स्वभाव. लहान मुलांची डॉक्टर म्हणून जन्म गेला, त्यामुळे बाळ शिंकलं की मला न्यूमोनिया दिसतो. "आई, तुझ्या टेन्शनने मला टेन्शन येतं," असं मुलीने तोंडावर सांगितलं होतं. प्रवासात गप्प राहायचं मी कबूल केलं होतं.

आणि राहिलेही, कारण डेन्मार्कच्या उत्तर टोकावरच्या स्कागेन गावाने माझी बोलतीच बंद केली. तिथे दोन समुद्र समोरासमोर येऊन एकमेकांवर आपटतात. एक पाय या लाटेत, एक त्या लाटेत ठेवून मी साठी उलटल्यावर आनंदाने किंचाळले. गाव पिवळ्या भिंतींचं, लाल कौलांचं, इतकं लख्ख की चपला काढून चालावंसं वाटावं. वाळूत गाडल्या गेलेल्या चर्चचा फक्त मनोरा उरलाय, तोही पांढराशुभ्र राखलाय. तिथल्या म्युझियममधल्या चित्रांतला निळसर उजेड खरा का, हे मी दोनदा बाहेर येऊन ताडून पाहिलं. अगदी खरा होता.

म्युझियममधून निघालो तर एका कॅफेबाहेर प्रॅम, म्हणजे बाबागाडी. तिच्यात बाळ गाढ झोपलेलं आणि जवळ चिटपाखरू नाही. वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी थेट पहाऱ्याला उभी राहिले.

"आई, काय करतेयस? इथे सगळे बेबीज बाहेरच झोपतात. इट्स नॉर्मल!"

"आणि कोणी उचलून नेलं तर?"

"लोकांना वाटतंय तूच नेशील!"

तेवढ्यात बाळाची आई बाहेर आली. मला बघून हसली, बाळाच्या मानेमागे दोन बोटं घालून ऊब पाहिली आणि शांतपणे आत गेली. हेच, अगदी असंच, मी आयुष्यभर आयांना शिकवत आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्या बाईचं फार कौतुकही वाटलं.

शेवटच्या दिवशी मुलीने आपलीच प्रॅम कॅफेबाहेर लावली आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही न बोलता आत गेले आणि मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसले. वेलदोड्याचा बन खाल्ला, कॉफी प्यायले. वीस मिनिटांत मुलगी तीनदा उठून बाहेर डोकावली. मी एकदाही मान वळवली नाही.

शेवटी तिने माझा हात धरला. "नर्सरीला मी नको म्हणून सांगते. तूच ये, आई."

मला रडूच आलं. समोरच्या चकचकीत कॉफी मशीनमध्ये अख्खी प्रॅम दिसत होती, हे मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही.